पावसाचे दप्तर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, परंतु येथील पावसाचे दप्तर जिल्ह्याहून पुष्कळ जुने आहे; निजामी अमदानीत जालना, अंबड, भोकरदन येथील पर्जन्यमापकाच्या पाच इंची नरसाळ्यात जेवढे पाणी पडे, तेवढ्यावरूनच कारकुनाने रुजू केलेल्या आकड्याच्या आधारे साऱ्या तालुक्याच्या पीकपाण्याचा अदमास बांधला जाई, आणि पर्जन्यछायेच्या या मुलखात एका शिवारात सर कोसळून शेजारचे शिवार कोरडे राहते, ही गोष्ट दप्तरात कधी उमटत नसे.

अवकाशातून ढगांवर नजर ठेवण्याचा यशस्वी आरंभ अमेरिकेच्या टायरॉस-१ या उपग्रहाने १ एप्रिल १९६० रोजी केला; तथापि १९७२च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला तेव्हा भारताचा स्वतःचा हवामान उपग्रह नव्हता. पुढे सोडलेला इन्सॅट-१ए हा भारतीय उपग्रह १९८२ साली काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी निघालेल्या इन्सॅट-१बीने मात्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून हिंदी महासागरापर्यंतचे ढग अहोरात्र टिपले. त्यावरील किरणमापक दिवसा परावर्तित प्रकाश आणि रात्रंदिवस अवरक्त किरणे मोजी, व त्या किरणांवरून ढगाच्या माथ्याचे तापमान कळे. पण अवरक्त चित्रातील एक ठिपका ११ किलोमीटरांचा असल्याने भोकरदनकडील कित्येक गावे एकाच ठिपक्यात लोपत. शिवाय माथा अतिशीत असूनही न बरसणारे उंच, विरळ ढग असतातच, आणि ते पाहून आशा धरण्याचा क्लेश या जिल्ह्याच्या शेतकऱ्याइतका कोणी भोगला असेल! २६ जुलै २०१३ रोजी निघालेल्या इन्सॅट-३डीने तो ठिपका चार किलोमीटरांवर आणला, आणि त्यावरील १९ पट्ट्यांच्या वेधयंत्राने निरभ्र हवेतील उष्णता व आर्द्रता थराथराने मोजली.

परंतु या सर्वांहून मला मोलाचे वाटते ते इन्सॅट-१बीपासून चालत आलेले, फारशी वाखाणणी न लाभलेले संदेशवाहक यंत्र. ते स्वतः काहीच पाहत नाही. दूरच्या स्वयंचलित केंद्रांनी मोजलेला पाऊस, वारा, उष्मा ते झेलते आणि हवामान खात्याकडे पोहोचविते. म्हणजे उपग्रहालाही अखेर जमिनीवरील नरसाळ्याची साक्ष लागतेच, आणि आज महसूल मंडळनिहाय पर्जन्याच्या नोंदीवर अतिवृष्टीचा निर्णय होत असता ती साक्ष निर्दोष असणे अगत्याचे आहे. म्हणून ज्या गावच्या शिवारात असे केंद्र उभे असेल, त्या गावकऱ्यांस विनंती एवढीच, की जवळच्या झाडाची वा भिंतीची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतर त्या नरसाळ्याभोवती मोकळे राखावे.