कासामांसचे भातशेतकरी

सेनेगल देशाच्या दक्षिण भागांत कासामांस नदी अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मुखाजवळील सखल प्रदेशांत जोला नांवाचे शेतकरी लोक राहतात. यांनीं साम्राज्यें स्थापिलीं नाहींत. म्हणून राजवंशांच्या इतिहासांत यांस फारसें स्थान नाहीं. यांचा इतिहास वाचावयाचा तो शेतांच्या बांधांवरच वाचला पाहिजे.

भरतीचें खारें पाणी येथें नदींतून दूरवर आंत शिरतें. तिवरें तोडून मातीचे बांध घालावयाचे आणि पावसानें क्षार धुऊन जाईपर्यंत कांहीं वर्षें धीर धरावयाचा, तेव्हां कोठें एक शेत तयार होतें. कोंकणांतील खाजण ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या श्रमांचें मोल सांगावयास नको. नांगराऐवजीं लांब दांड्याच्या व लोखंडी पात्याच्या ‘काजांदू’ नामक फावड्यानें पुरुष माती उलथून वरंबे घालतात. स्त्रिया रोपें लावतात व पुढें कापणी करतात. ही विद्या युरोपीयांनीं शिकविलेली नव्हे. या किनाऱ्यावरील भातशेतीचे उल्लेख पंधराव्या-सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज लेखांतच आढळतात.

कणगींत सांठविलेलें भात म्हणजे जोला कुटुंबाचें अन्न, त्याची प्रतिष्ठा आणि अवर्षणाची बेगमी. दुसऱ्या महायुद्धांत फ्रेंच सरकारनें तेंच सक्तीनें मागितलें. त्या वेळीं काब्रूस गांवची आलीन सितोए जात्ता ही तरुण स्त्री पुढें आली. डाकार शहरांत घरकाम करून ती गांवीं परतली होती. १९४२ सालीं ती उपदेश करूं लागली कीं, पर्जन्यासाठीं गरीब-श्रीमंत सर्वांनीं एकत्र विधि करावा. आशियांतून आलेल्या बियाण्याऐवजीं पूर्वजांचें आफ्रिकी भात पेरावें. सरकारास प्रिय असलेल्या भुईमुगाच्या नादीं लागूं नये. आणि दर सहाव्या दिवशीं शेतास विश्रांति द्यावी. या उपदेशांत शस्त्राचें नांव नव्हतें, तरी सत्तेस तो सोसला नाहीं. १९४३ च्या जानेवारींत तिला पकडण्यांत आलें, आणि तिंबुक्तू येथें हद्दपारींत असतां १९४४ सालीं ती मरण पावली. ही वार्ता तिच्या लोकांस कित्येक वर्षें कळली नाहीं.

१९६० सालीं सेनेगल स्वतंत्र झाला. त्या दशकाच्या अखेरीस दीर्घ अवर्षणास आरंभ झाला. खारें पाणी शेतांत शिरलें, तरुण शहरांकडे गेले, आणि बांध राखावयास हात अपुरे पडूं लागले. परकी अंमल सरला, परंतु आलीनचा प्रश्न उरलाच आहे: ज्या समाजाचें बीं आणि कणगी दुसऱ्याच्या हातीं गेली, त्याचें स्वातंत्र्य कशावर उभें राहावें?