ओट्यामागच्या भिंतीचे थर



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरात मध्यरात्री धडाधड आवाज झाला. मांजरीनं भांडी पाडली असं समजून त्या उठल्या, तर ओट्यामागच्या नव्या टाइल्स शेगडीवर पडलेल्या. चारच महिने झाले होते बसवून. कर्ज गटाचं, हप्ते चालू. सकाळी आम्ही सगळ्या बघायला गेलो. मान्य करतो, कर्ज देताना आम्ही टाइल्सचं कोटेशन पाहिलं होतं, भिंत पाहिली नव्हती.

पडलेल्या टाइल्सच्या पाठीवर सिमेंट जसंच्या तसं चिकटलेलं होतं. भिंतीवर मात्र खाली जुन्या पांढऱ्या सहा इंची टाइल्स, आरशासारख्या स्वच्छ. जुन्यावर नुसता सिमेंटचा घोळ लावून नव्या बसवल्या होत्या. टाइलच्या चकचकीत अंगात पाणी शिरत नाही, मग सिमेंट धरणार कशाला? दुसऱ्या मिस्त्रीनं कोपऱ्यातल्या जुन्या टाइल्सवर हातोडीचा दांडा वाजवला. बद्द आवाज आला. त्या काढल्या तर आत सिमेंट, आणि त्याच्याही आत कुटार कालवलेली पांढरी माती. ताईंच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "हा माझ्या हातचा पोतारा."

त्या एका भगदाडात आपल्या स्वयंपाकघरांचा इतिहासच उघडा पडला होता.

आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. जुनी घरं पडायची, त्यांच्या मातीवर नवी उभी राहायची, आणि गाव असं थराथरानं वर चढायचं. थराचं नवल आपल्या जिल्ह्याला नाही. 2024 मध्ये सिंदखेड राजात लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखाली जुन्या मंदिराचा पाया लागला, आणि त्यात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली.

गावठाणातली पांढरी माती भिंतींना आणि धाब्याला लागायची. धाब्यावर माती टाकायला गडी असत, पण चुलीमागची भिंत बाईची. दिवाळीआधी सुटलेले पोपडे खरवडायचे, भिंतीवर पाणी शिंपायचं, मग शेणामातीचा हात फिरवायचा. कोरड्या भिंतीवर किंवा हलणाऱ्या पोपड्यावर पोतारा कुणी घालत नसे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, सासूकडून सुनेकडे यायचं.

बुलढाणा ज्या डोंगररांगेवर आहे, त्याच रांगेत अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या कारागिरांनी खडक मुद्दाम खडबडीत ठेवला आणि त्यावर भाताचं तूस, झाडाचे तंतू घातलेल्या मातीचा गिलावा चढवला. दहाव्या लेण्यात तर जुन्या चित्रांवर काही शतकांनी नवी चित्रं काढलेली दिसतात. पुढे 1920 ते 1922 च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचं रोगण दिलं. ते कालांतरानं पिवळं, काळपट पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना काढत बसावं लागलं. चांगल्या हेतूनं दिलेला थरही असा महागात पडतो.

आपल्या भिंतीवर टाइल्स आल्या त्या धुरानंतर. चुलीचा धूर होता तोवर पोतारा परवडायचा, दरवर्षी काळं झालं की पुन्हा नवं. गॅस आला, ओटा उभा राहिला, फोडणीचे शिंतोडे पुसता येतील अशी भिंत हवीशी झाली. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्यांच्याकडे सिलिंडर नव्हता तिथंही पोहोचला. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स आता तालुक्याच्या दुकानात मिळतात. पुसणं सोपं झालं खरं, पण भिंतीचं काम बाईच्या हातून मिस्त्रीच्या हाती गेलं, आणि भिंत वाजवून बघायची सवयही गेली.

ताईंच्या घरी मग असं केलं. बद्द वाजणाऱ्या टाइल्स काढून तिथली माती खरवडली, जाळी मारून नवा गिलावा केला, तो पुरेसा वाळू दिला. घट्ट असलेल्या जुन्या टाइल्सचं तेल सोड्यानं धुतलं आणि त्यांना टाचे मारले. टाइलवर टाइल बसवायचं, तसं पिशवीवर लिहिलेलं चिकट मिश्रण आणलं. भिंत जाड होते म्हणून लाइटच्या बोर्डाची पेटी पुढे घ्यावी लागली, तेही आधीच ठरवलं. ग्राइंडरची धूळ छातीला वाईट, म्हणून भांडी आणि लहान मुलं दोन दिवस शेजारी.

गटानं आता टाइल्सच्या कर्जाआधी दोघींनी जाऊन भिंत वाजवायची असं ठरवलंय. पहिल्या भिंतीला आम्ही सासूबाईंनाच नेलं. त्यांनी बोटाच्या पेरानं तीन जागा दाखवल्या. मिस्त्रीनं फोडल्या, तर तिन्ही पोकळ.