फेडोर डेन हर्टोग : एक हौशी सायकलस्वार

१९९२ सालापर्यंत ऑलिंपिक सामन्यांत सायकलींची एक शर्यत अशी असे कीं, तींत संघांतील गड्यांनीं एकमेकांस मागें टाकावयाचें नसे. चार स्वार, सुमारें शंभर किलोमीटरचा रस्ता, आणि प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ! पुढचा स्वार वारा आपल्या अंगावर घेई. बाकीचे तिघे त्याच्या आडोशानें एका ओळींत चालत. त्याचा दम उतरूं लागला कीं तो बाजूला होऊन ओळीच्या शेवटीं जाई व दुसरा पुढें येई. वेळ धरली जाई ती तिसऱ्या गड्याची. एकट्यानें कितीही जोर केला तरी तो व्यर्थच.

१९६८ सालीं मेक्सिको शहराच्या विरळ हवेंत ही शर्यत हॉलंडच्या चौघांनीं २ तास ७ मिनिटें ४९ सेकंदांत जिंकली. दुसरे आले ते स्वीडनचे पेटरसन आडनांवाचे चार सख्खे भाऊ, हें ऐकून कोणासही मौज वाटेल. विजयी चौकडींत योप झूटेमेल्क, रेने पायनेन, यान क्रेकेल्स आणि २२ वर्षांचा फेडोर डेन हर्टोग हे होते.

त्या काळीं ऑलिंपिकचें दार फक्त हौशी स्वारांस उघडें असे. पैशासाठीं सायकल चालवणारास तेथें मज्जाव होता. फेडोरचे तिन्ही सोबती लौकरच धंदेवाईक संघांत गेले. तो मात्र हौशीच राहिला. इंग्लंडांत दूधविक्री मंडळाच्या आश्रयानें ‘मिल्क रेस’ नांवाची अनेक दिवसांची शर्यत होत असे. ती त्यानें १९६९ व १९७१ अशी दोनदां जिंकली. हौशी स्वारांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

१९७२ सालीं म्यूनिक येथें तो पुन्हां त्याच सांघिक शर्यतींत उतरला. हॉलंडचा संघ तिसरा आला. पण तपासणींत एका गड्यानें कोरामिन हें औषध घेतल्याचें आढळलें. सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेस तें चालत असे, ऑलिंपिक समितीस चालत नसे! दोन नियमपुस्तकांच्या या घोळांत चौघांचेंही पदक गेलें, व तें पुढें दुसऱ्या कोणासही मिळालें नाहीं. चौघांनीं मिळून कमावलेलें चौघांनीं मिळून गमवावें हें तर्कास धरून असेल. पण निर्दोष तिघांस तें किती जड गेलें असेल! त्यांपैकीं हेनी कायपर यानें थोड्याच दिवसांनीं, ७ सप्टेंबरला, वैयक्तिक शर्यत जिंकून त्याची भरपाई केली. फेडोरच्या वांट्यास तसा दिवस आला नाहीं.

१९७४ सालीं, स्वाराच्या आयुष्यांतलीं भराचीं वर्षें बरीचशीं सरल्यावर, तो धंदेवाईक झाला. तरीही १९७७ सालीं त्यानें हॉलंडचें धंदेवाईक अजिंक्यपद मिळविलें आणि त्याच वर्षीं ‘तूर द फ्रान्स’चा एक टप्पाही जिंकला. ती सबंध शर्यत १९८० सालीं जिंकली ती मेक्सिकोंतल्या त्याच्या जुन्या सोबत्यानें, झूटेमेल्कनें. फेडोर २०११ च्या फेब्रुवारींत, वयाच्या ६४ व्या वर्षीं वारला.