शाळा निवडायची कुणी?

मंडळी, गेल्या वेळी आपण सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला. तिथे प्रश्न सरळ होता: मूल शाळेत घातलं की नाही? आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याला समजायला वेळ लागतो, किंवा ज्याचे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत, त्याला कोणत्या शाळेत घालायचं, आणि हे ठरवायचं कुणी?

आज आपल्या कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं ३१ वं कलम सांगतं की ज्याचं दिव्यांगत्व किमान ४० टक्के आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क आहे. 'त्याच्या' पसंतीप्रमाणे, बरं का. आईवडिलांच्या नव्हे. या शब्दाकडे आपण शेवटी परत येऊ.

आधी हे बघू की ही पसंती आली कुठून. आपल्याकडे पालकांनी शाळा निवडल्या नाहीत; त्यांना त्या काढाव्या लागल्या. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची. वकील दांपत्याच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती, म्हणून घरातच मुलं जमवून त्यांनी सुरुवात केली. १९७२ मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. इंग्लंडमध्ये तिला शिकायला मिळालं होतं. मुंबईत परतल्यावर दारं बंद. मग स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तीन मुलांपासून. नर्गिस तिच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल.

सरकार काय करत होतं? कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशी मुलं शक्य तिथे सर्वसाधारण शाळेतच शिकावीत असं म्हटलं. १९७४ मध्ये केंद्राने त्यासाठी एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. १९९५ च्या कायद्याने एकाच कलमात दोन्ही गोष्टी सांगितल्या: सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याचा प्रयत्न करा, आणि विशेष शाळाही काढा. कागदावर दोन रस्ते झाले. मात्र दोन्ही रस्ते एका खात्याकडे नव्हते. साधी शाळा शिक्षण खात्याची, विशेष शाळा समाजकल्याणाची. २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण हे स्वतंत्र खातं झालं, ही चांगली गोष्ट, पण शिक्षण खातं वेगळं ते वेगळंच. म्हणजे आईबाप शाळा निवडतात तेव्हा नकळत खातंही निवडतात, आणि या शाळेतून त्या शाळेत जायचं तर सरकारच्या एका घरातून दुसऱ्या घरात जावं लागतं. आम्हाला वाटतं, निवडीचा अर्धा पेच इथेच आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

इथे जरा इंग्लंडकडे जाऊ, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला या इतिहासात एक ओळखीचं नाव भेटतं: मेरी वॉर्नॉक. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवलेल्या, पुढे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या बाई. १९७० च्या कायद्यापर्यंत तिथे काही मुलांवर 'शिकवता न येणारी' असा शिक्का बसे आणि ती शिक्षण खात्याकडे नव्हे, आरोग्य खात्याकडे जात. खात्यांची वाटणी तिथेही होती, पाहिलंत? वॉर्नॉक समितीने १९७८ च्या अहवालात ही वर्गवारीच मोडली आणि 'विशेष शैक्षणिक गरज' हा शब्द रूढ केला. १९८१ च्या कायद्याने मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याचं तत्त्व स्वीकारलं. अटी घातल्या, पण पालकांचं मत विचारात घ्या, असंही सांगितलं. आणि २००५ मध्ये याच बाईंनी पुस्तिका लिहून सांगितलं की आपलं चुकलं. सगळ्यांना एका छपराखाली आणणं म्हणजे समावेश नव्हे. काही मुलं मोठ्या शाळेच्या गर्दीत हरवतात, त्यांना लहान, खास शाळा हवी.

आता गंमत बघा. वॉर्नॉक एका छपरापासून खास शाळेकडे आल्या. मिठू अलूर खास शाळेपासून निघाल्या आणि त्यांच्या संस्थेने पुढे मुलांना सर्वसाधारण शाळांत पोचवण्याचं काम हाती घेतलं. दोघी विरुद्ध दिशांनी चालल्या. मग चुकलं कुणाचं? वर्गात आम्ही हा प्रश्न टाकायचो तेव्हा विद्यार्थी लगेच बाजू घ्यायचे. पण या दोघी एका तत्त्वाच्या दोन बाजू नव्हत्या. प्रत्येकीने आपल्यासमोरच्या मुलांचं काय होतंय ते पाहिलं आणि मत बदललं. ही मोकळीक एका बाईला असते, तशी एका आईला का नसावी? पहिलीत साधी शाळा, चौथीत विशेष, आठवीत पुन्हा साधी, असं का नसावं?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा स्वमग्न आहे. नवराबायको घराजवळच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक सौजन्याने बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्याकडे सोय नाही हो, तुम्ही त्या मुलांच्या शाळेत बघा ना." विशेष शाळेत गेले तर तिथे म्हणाले, "एवढा हुशार आहे, नॉर्मल शाळेत घाला की." दोन्हीकडून एकही लेखी नकार नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात आणखी एक दार उघडलं आहे: बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असेल तर मूल घरी शिकू शकतं. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी हे दार हवंच. पण या मुलाला तसं काही नव्हतं, तरी कुणीतरी त्यांना तेच सुचवलं. दोन शाळांनी नाही म्हटल्यावर घरी बसणं याला निवड म्हणायचं का?

आता तो शब्द, 'त्याच्या'. सहा वर्षांचं मूल, त्यातून बोलता न येणारं, आपली पसंती सांगणार कशी? म्हणून आपण ती सहज आईबापांच्या हाती देतो, आणि बहुतेक वेळा द्यावीच लागते. पण मालिनी चिब यांचं उदाहरण आहे. बोलणं समोरच्याला चटकन कळत नाही, टंकलेखन एका बोटाने. त्यांनी मुंबईत झेवियर्समधून पदवी घेतली, लंडनला पुढचं शिक्षण घेतलं आणि २०११ मध्ये स्वतःचं आत्मकथन प्रसिद्ध केलं. नाव त्या बोटावरूनच, 'वन लिटल फिंगर'.

आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. तिसऱ्या शाळेने त्याला घेतलं. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. शाळा आवडते का, असं विचारलं, तर तो काही बोलला नाही. आत गेला, दप्तर घेऊन आला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. रविवार होता.