तूर सुधारणा

तूर (कॅजॅनस कजान) हे भारतातील प्रमुख कडधान्य असून जगातील तुरीचे बहुतेक उत्पादन भारतात होते. डाळीत सु. २०–२२% प्रथिन असल्याने शाकाहारी जनतेच्या आहारात तिला विशेष महत्त्व आहे. पीक मुख्यतः जिरायत जमिनीत, ज्वारी, बाजरी किंवा कपाशीबरोबर मिश्रपीक म्हणून घेतात. हरितक्रांतीच्या काळात सिंचित जमीन गहू व भात यांकडे वळली आणि कडधान्ये हलक्या जमिनींवरच राहिली. परिणामी देशातील डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता १९५१ मधील सु. ६१ ग्रॅ. वरून २००० मध्ये सु. ३२ ग्रॅ. पर्यंत घटली. तुरीच्या सुधारणेचा प्रश्न त्यामुळे केवळ शेतीचा न राहता पोषणाचाही झाला.

संशोधनाचा प्रारंभ रोगांच्या अभ्यासाने झाला. ऐन फुलोऱ्यात व शेंगा धरताना झाडे वाळविणाऱ्या मर रोगाचे शास्त्रीय वर्णन एडविन जॉन बटलर यांनी १९०६ मध्ये केले. फ्युजेरियम उडम या कवकामुळे तो होतो. कवक मुळांतून शिरून जलवाहिन्या व्यापते व पिकाच्या अवशेषांवर जमिनीत अनेक वर्षे टिकते. साहजिकच केवळ औषधे वापरून त्याचा बंदोबस्त होत नाही. वांझ रोगाची नोंद १९३१ मध्ये बिहारमधील पुसा येथून झाली. या रोगाने झाड हिरवे राहते, पण त्यास फुले व शेंगा येत नाहीत. तो सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरतो, हे १९६० नंतर दिसून आले. मात्र त्यामागील व्हायरसाची ओळख पटण्यास विसावे शतक संपावे लागले.

अखिल भारतीय समन्वित कडधान्य सुधार प्रकल्प १९६६-६७ च्या सुमारास सुरू झाला. १९७२ मध्ये हैदराबादजवळील पतंचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व तिच्या कार्यक्रमात तुरीचा समावेश करण्यात आला. कानपूर येथील कडधान्य संशोधन संचालनालयाचे १९९३ मध्ये भारतीय कडधान्य संशोधन संस्थेत रूपांतर झाले. अशा संस्थांत वनस्पतिरोगतज्ञ, कीटकशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ व पैदासकार एकत्र काम करू लागले.

या सहकार्याचे फळ प्रथम रोगप्रतिकारक वाणांच्या रूपाने मिळाले. मर रोगाच्या कवकाने मुद्दाम दूषित केलेल्या शेतात हजारो प्रकार पेरून तग धरणारी झाडे निवडण्यात आली. वांझ रोगासाठी वाय. एल. नेने व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सोपी पद्धत काढली. तीत रोगट पाने निरोगी रोपांच्या पानांना स्टेपलरच्या पिनांनी जोडतात. पान सुकू लागले की कोळी रोपावर उतरतात. १९८६ मध्ये मर रोगास प्रतिकारक असा ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) व १९९३ मध्ये दोन्ही रोगांस प्रतिकारक असा ‘आशा’ (आयसीपीएल ८७११९) वाण प्रसारित झाला. मराठवाड्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ हा दोन्ही रोगांस तोंड देणारा वाण दिला.

मृदाशास्त्राने तुरीच्या दुसऱ्या गुणावर प्रकाश टाकला. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात, हे पूर्वीच ज्ञात होते. १९९० मध्ये इक्रिसॅटमधील जपानी शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, तुरीची मुळे पिसिडिक अम्लासारखी द्रव्ये स्रवून लोहाशी बद्ध झालेले फॉस्फरस मोकळे करतात. इतर पिकांना सहसा न मिळणारा हा साठा अशा रीतीने उपयोगात येतो. ज्वारीबरोबर पेरलेल्या तुरीत मर रोगाचे प्रमाण कमी राहते, असेही प्रयोगांत आढळले. शेतकऱ्यांच्या मिश्रपीक पद्धतीस यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

मधमाश्यांमुळे तुरीत काही प्रमाणात परपरागण होते. याचा फायदा घेऊन १९९१ मध्ये आयसीपीएच ८ हा कडधान्यातील जगातील पहिला संकरित वाण प्रसारित करण्यात आला. परंतु तो जननिक नर-वंध्यत्वावर आधारलेला असल्याने बीजोत्पादनात मादी ओळींतील निम्मी जननक्षम झाडे उपटावी लागत. त्यामुळे तो रुजला नाही. पुढे रानटी जातींच्या कोशिकाद्रव्यापासून नर-वंध्यत्व मिळवून ही अडचण दूर करण्यात आली व २०१० मध्ये आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण मध्य प्रदेशात आला. २०११ मध्ये ‘आशा’ वाणाच्या जीनसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात सु. ४८,६८० जीन असल्याचा अंदाज आहे.

शेंगा पोखरणाऱ्या अळीस पूर्णपणे दाद न देणारा वाण मात्र लागवडीच्या तुरीत मिळालेला नाही. म्हणून कामगंध सापळे, अळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) व मोजकी औषधे यांचा एकत्रित वापर करतात. प्रतिकाराच्या शोधासाठी रानटी जातींचा अभ्यास करण्यात येतो. रोगांच्या बाबतीत मिळालेले यश या किडीच्या बाबतीत मिळाल्यास जिरायत शेतकऱ्याच्या उत्पन्नातील मोठी अनिश्चितता दूर होईल.