हरळीची दोन खाती

हरळीइतकी दुटप्पी वागणूक दुसऱ्या कुठल्या गवताच्या वाट्याला आली नसेल. आमच्या नीरा-नरसिंहपुरात ती उसात दिसली की मजूर लावून खणून काढतात. पुण्यात बंगल्यापुढे तीच मजूर लावून लावतात. गणपतीला मात्र दोन्हीकडे तिचीच जुडी! एकच रक्कम एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा, हे आमच्या बँकेत रोजचेच. पण गवताला हा न्याय कोणी लावला?

त्याचे मूळ इतिहासात आहे. युरोपातल्या सरदारांनी वाड्यापुढची जमीन पीक न घेता नुसती हिरवी ठेवली. आपल्याला पोटाची चिंता नाही, हे चारचौघांना सांगायची ती रीत. गवत कापायला लांब दांड्याचे विळे, नाहीतर मेंढरे. मग १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायचे यंत्र काढले. कल्पना सुचली ती गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. इकडे तेव्हा पेशवाई बुडून बारा वर्षे झाली होती. साहेबाबरोबर ही हौस आपल्याकडे आली. पण त्याच्याकडचे गवत आपल्या उन्हात तग धरीना, तेव्हा हरळीलाच बढती मिळाली.

बढतीने स्वभाव थोडाच बदलतो! आमच्या नृसिंहाने ना दिवसा ना रात्री, ऐन तिन्हीसांजेला काम उरकले. हरळीला ते जमत नाही. तिला भरपूर ऊनच लागते. सावलीत ती लांबते, विरळ होते आणि खालची माती दिसू लागते.

माझ्या धाकट्या मेहुण्याच्या अंगणात निंबाखाली नेमके हेच झाले.

"दाजी, निंबच तोडून टाकतो," तो म्हणाला.

"अरे, हरळी एका पावसाळ्यात परत येईल. आजोबांनी लावलेला निंब कुठून आणशील?"

मग खालच्या चार फांद्या तेवढ्या उतरवल्या. सावलीतले गवत जरा उंच ठेवले, कारण पातीच कापल्यावर ते अन्न कशावर तयार करणार? पायांनी घट्ट झालेली माती टोकरली. रोजचे शिंपडणे बंद करून, माती सुकल्यावर खोल मुरेल असे पाणी दिले, खत बेताने. कडेचे ठिगळ भरून आले. अगदी बुंध्याशी मात्र हट्ट सोडून बाक टाकला.

आता दुपारी सगळे घर त्या बाकावर असते. हिरवळीवर उन्हात बसायला कोणी जात नाही.