देवनार परिसर आणि मुंबईचा आहार : ऋतुचक्राकडून बारमाही पुरवठ्याकडे

प्रस्तावना :
मुंबईच्या अन्नपुरवठ्याचा विचार करताना १८६९ चे क्रॉफर्ड मार्केट प्रथम नजरेसमोर येते; पूर्व उपनगरातील देवनार मात्र सहसा विचारात घेतले जात नाही. वास्तविक ऋतुमानानुसार आहार आणि बारमाही उपलब्धता यांतील स्थित्यंतर या परिसरात स्पष्टपणे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

ऋतुबद्ध आहार :
ठाणे खाडीकाठच्या कोळी समाजाचा आहार सागराच्या वेळापत्रकाशी बांधलेला होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जात. मधल्या काळात उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे यांवर निर्वाह होई. म्हणजेच ऋतुबद्ध आहार केवळ ताज्या अन्नाचा नव्हता. साठवण हा त्याचा अविभाज्य भाग होता. मात्र ही साठवण घरातील स्त्रियांच्या हाती होती आणि स्थानिक हंगामाची मर्यादा तिने ओलांडली नाही.

बारमाही पुरवठा :
१९७१ मध्ये वांद्रे येथील कत्तलखाना देवनारला स्थलांतरित झाला. परराज्यांतील जनावरे येथे येऊ लागली आणि मांसपुरवठा शहराच्या परिसरापासून तुटला. शेजारच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अन्नाच्या किरणोत्सारी प्रक्रियेवर संशोधन केले. १९९४ मध्ये भारत सरकारने कांदा, बटाटा व मसाल्यांसाठी या प्रक्रियेस मान्यता दिली. २००२ मध्ये लासलगाव येथे प्रक्रिया केंद्र सुरू झाले. कांद्याला कोंब फुटणे रोखून त्याचा साठवणकाळ वाढविणे हा त्याचा एक हेतू होता. १९९६ मध्ये फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यापार खाडीपलीकडे वाशीला गेला.

या सोयीची दुसरी बाजूही याच भूमीवर आहे. १९२७ पासून शहराचा कचरा देवनार क्षेपणभूमीवर येत राहिला. २०१६ मधील तेथील आगीचा धूर शहरभर पसरला. शहराच्या उपभोगाचे ओझे अशा रीतीने येथील रहिवाशांवर पडले.

निष्कर्ष :
बारमाही पुरवठ्याने टंचाईची तीव्रता कमी केली, हे नाकारता येत नाही. पंचांगाशी असलेले नातेही पूर्णतः लोपलेले नाही : बकरी ईदचा देवनार येथील बाजार आजही चांद्र पंचांगानुसार भरतो. तेव्हा खरा प्रश्न ‘ताजे की साठवलेले’ हा नसून साठवणुकीवर नियंत्रण कोणाचे आणि तिची किंमत कोण मोजतो, हा आहे. देवनारचा इतिहास अभ्यासकांसमोर हाच प्रश्न ठेवतो.